रंग उतरायच्या आत

पहाटे 5:30. मालदीवच्या प्रवाळभिंतीपाशी आमची धोनी, म्हणजे इथली होडी, नांगर टाकून उभी आहे. टाकीतल्या वायूचं मिश्रण मी दोनदा तपासते. पन्नास-साठ मीटरवर साध्या हवेतल्या नायट्रोजनने गुंगी येते, म्हणून त्यात हेलियम मिसळावा लागतो.

7:10. पंचावन्न मीटरवर सगळं निळं-करडं. तांबडा प्रकाश वरच्या थोड्याच पाण्यात विरून जातो. प्रवाळाच्या चुऱ्यावर राखाडी मासे घुटमळताहेत. टॉर्च लावला, आणि तेच मासे गुलाबी, जांभळट लाल होऊन उठले. सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा. रॅस माशांच्या लॅब्रिडी कुलातल्या ‘फेअरी रॅस’ या प्रजातीतली ही जाती. धिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, मालदीवचं राष्ट्रीय फूल.

एका नराभोवती माद्यांचा घोळका. या प्रजातीत नर झालेला मासा आधी मादीच असतो. नर नाहीसा झाला की माद्यांतली सगळ्यांत मोठी नर होते आणि वेगळे रंग धरते. पिल्लाचे रंग आणखी निराळे. एकाच जातीचे इतके वेश, मग नाव देताना चूक होणारच.

झालीही. 1983 मध्ये छागोस बेटांजवळच्या एकुलत्या एका पिल्लावरून सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस या जातीचं वर्णन केलं गेलं. पुढे मालदीवमध्ये मोठे मासे सापडले तेव्हा ते त्या पिल्लाचेच प्रौढ रूप समजले गेले. मत्स्यालयांच्या बाजारात ते विकलेही जात होते. काट्यांची उंची, खवल्यांची संख्या, नराचे रंग तपासून 2022 मध्ये त्यांना फिनिफेन्मा हे स्वतःचं नाव मिळालं. ते देणाऱ्यांत मालदीवचेच संशोधक अहमद नजीब होते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

9:00. टप्प्याटप्प्याने थांबत वर आलो. जाळीत एक नर.

9:10. दिवसाचं खरं काम आता. मासा लवंग तेल घातलेल्या पाण्यात सोडते. तो निपचित पडला, कल्ले थांबले, की घाई. फोमवर आडवा ठेवून एकेक पर टाचणीने ताणायचा, त्यावर कुंचल्याने फॉर्मेलिन फिरवायचं म्हणजे पर ताठ राहतो. डावी बाजू वर ठेवून फोटो. डावी बाजू पुढच्या अभ्यासकांसाठी अखंड राखायची; मांसाचा तुकडा काढायचा तो उजवीकडून. मालवणच्या बाजारात आजी कल्ले उघडून मासा ताजा आहे का बघायची. इथेही मिनिटांचाच हिशेब आहे. मेल्यावर रंग उतरू लागतो, फॉर्मेलिन आणि पुढे अल्कोहोलमध्ये तर मासा पांढुरका पिवळाच होतो. संग्रहालयातल्या बाटल्यांत अशा फिकट माशांच्या रांगा असतात. ज्या रंगांवरून जाती ओळखायची, तेच त्यांच्यात उरलेले नसतात.

10:15. मांसाचा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत, डीएनएसाठी. चिठ्ठी पेन्सिलनेच, साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

12:30. भात, लिंबू आणि गरुधिया, म्हणजे टूनाचं पातळ सार.

2:00. भिंगाखाली मोजणी. पाठीच्या परात 11 काटे, 9 मऊ किरण. गुदपरात 3 आणि 9. शेजारच्या कितीतरी जातींत नेमके हेच आकडे येतात. जनुकांतही पुष्कळदा फरक थोडाच, कारण साठांहून अधिक जातींची ही प्रजाती तरुण आहे. तिच्या बऱ्याच शाखा गेल्या काही दशलक्ष वर्षांतच फुटल्या. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली जायची, इंडोनेशियाच्या आसपासचे उथळ समुद्र कोरडे पडायचे, आणि एकच गट दोन खोऱ्यांत अडकायचा. माद्या नराचे रंग आणि पर फुलवणं पाहून जोडीदार निवडतात. आवड जराशी वेगळी वळली, तरी काही हजार पिढ्यांत रंग वेगळे होतात. काटे आणि खवले मागेच राहतात. म्हणून सकाळच्या त्या मोजक्या मिनिटांना मी इतकी जपते. जातीचा सगळ्यांत ताजा फरक रंगात असतो, आणि तोच सगळ्यांत आधी जातो.

6:30. मासा फॉर्मेलिनमध्ये. डोक्यावरचा गुलाबी रंग गेलाय, पाठीवरचा जातोय.

8:00. वहीत रंग लिहायचे. फोटो आहे, पण दिव्यानुसार त्यातही छटा बदलते, म्हणून शब्दही हवेत. शेपटीकडच्या रंगाशी बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं : पिकलेल्या रातांब्याच्या सालीचा. बरोबरच्या मालदीवी मुलाने वहीत डोकावून विचारलं, हे काय? फोनवर रातांब्याचा फोटो शोधून मी सकाळच्या फोटोशेजारी धरला. तो म्हणाला, “हो, हाच.”