मिठागरातला मंगळ

मीरा रोड आणि भाईंदरच्या मिठागरांत मंगळ उभा करता येईल का? सपाट जमीन, झाडाचा पत्ता नाही, वर पांढरा पापुद्रा. लाल रंग नंतर चढवता येतो. मालिकांचे सेट या भागाला नवे नाहीत, त्यामुळे सामान आणि माणसं जवळच मिळतील. यान कोसळलं आणि चौघं वाचली, एवढ्याच कथेवर तुटपुंज्या पैशांत विज्ञानपट काढायचा असेल, तर माझ्या मते त्याने काटेकोर विज्ञानाची कास धरावी. त्यातच पैसे वाचतात. खर्च होतो तो राक्षसांवर आणि वादळांवर, आणि नेमकं तिथेच विज्ञान लंगडं पडतं. ‘द मार्शियन’ (२०१५) या महागड्या चित्रपटात वादळ माणसाला उडवून लावतं. पण मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथला ताशी १०० किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या ताशी १२-१३ किलोमीटरच्या झुळकीइतकाच रेटा देईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो रंजकतेचा: हिशेब बघायला तिकीट कोण काढणार? पण एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ मधल्या तिघांची गोष्ट जगाने श्वास रोखून ऐकली, आणि तिच्यातला एक मोठा पेच निव्वळ हिशेबाचा होता. मुख्य यान बिघडल्यावर ज्यात आसरा घ्यावा लागला, त्या चांद्रयानाची व्यवस्था दोघांसाठी, दोनेक दिवसांची; राहायचं होतं तिघांना, जवळजवळ चार दिवस. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत चालला. तो शोषणारे मुख्य यानातले जादा डबे चौकोनी आणि चांद्रयानातली खोबण गोल. शेवटी प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांनी काम भागलं. हे सगळं सामान मीरा रोड स्टेशनबाहेर शंभर-दोनशे रुपयांत मिळेल! बंद जागेचा उपयोग आपल्याकडेही झाला आहे. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ (२०१९) जवळजवळ सगळा एका यानाच्या आतच घडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मंगळावर वजन पृथ्वीच्या ३८ टक्के भरतं, आणि ती चाल स्वस्तात दाखवता येत नाही. हे मान्यच करावं लागेल. फार तर दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा, पृथ्वीएवढ्या ओढीचा ग्रह कल्पावा. मी मात्र चाल चुकली तरी मंगळच निवडेन, आणि त्याचं कारण मीठ.

‘रॉबिन्सन क्रुसो ऑन मार्स’ हा १९६४चा चित्रपट. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत त्याचं बरंचसं चित्रण झालं. त्यातला अडकलेला अंतराळवीर दगड तापवून प्राणवायू मिळवतो. पुढच्याच वर्षी मरिनर ४ मंगळाजवळून गेलं, हवा किती विरळ आहे ते कळलं आणि चित्रपटातला मंगळ हास्यास्पद ठरला. पण २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं. हा क्षारांचाच प्रकार. काहीशे अंशांपर्यंत तापवला की प्राणवायू सोडतो. म्हणजे त्या अंतराळवीराचा दगड अगदीच चुकीचा नव्हता. त्याचं माप मात्र चुकलं. परक्लोरेट मातीत साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे किलोभर मातीतून फार तर तीन ग्रॅम प्राणवायू. माणसाला दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास लागतो. यंत्राचीही फारशी मदत नाही: पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी उपकरणाने तिथल्या हवेतून २०२१ ते २०२३ या काळात एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला, एका माणसाला साडेतीन तास पुरेल एवढा. शिवाय हेच परक्लोरेट थायरॉइडला बाधतं, म्हणून ती माती धुतल्यावाचून तिच्यात लावलेला बटाटाही खाता यायचा नाही.

तेव्हा चौघांचा दिवस कसा जाईल? फावड्याने खरवडायचं, राशी लावायच्या, भट्टीत तापवायचं, पुन्हा खरवडायचं. रोज एक टनाहून जास्त माती. मिठागरावर कॅमेरा लावला तर हे काम वेगळं शिकवावं लागणार नाही; फावडं आणि राशी तिथे आधीपासूनच आहेत.