पिरॅमिडच्या आत आवाज इतका का घुमतो? ‘ध्वनियंत्रा’च्या दाव्यात किती तथ्य?

इजिप्तमधल्या ग्रेट पिरॅमिडच्या ‘किंग्ज चेंबर’मध्ये कुणी सूर लावला की तो अख्ख्या खोलीत घुमत राहतो. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. १९७६ साली पॉल हॉर्न या संगीतकाराने तिथे बासरीवादन रेकॉर्डही केलं होतं. पण हा आवाज ऐकून काही जण म्हणतात, की पिरॅमिड ही कबर नव्हतीच, ते ध्वनीवर चालणारं यंत्र होतं! क्रिस्टोफर डन यांनी तर १९९८ च्या पुस्तकात त्याला थेट वीजकेंद्र ठरवलं.

आधी आवाजाचं कारण पाहू. ही खोली सुमारे १०.५ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद आणि ५.८ मीटर उंच आहे. भिंती, जमीन, छत सगळं ग्रॅनाइटचं. कठीण, गुळगुळीत दगड आवाज फारसा शोषत नाही, परत फेकतो. रिकाम्या बाथरूममध्ये गाणं भारदस्त वाटतं, त्याचंच हे मोठं रूप.

लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्याने दोन्ही दिशांच्या लहरी ३३ हर्ट्झच्या आसपास जुळतात आणि खोल घुमारा तयार होतो. मग हे माप मुद्दाम ठेवलं होतं का? इजिप्तच्या ‘क्युबिट’ या मापात ही खोली २० बाय १० भरते. म्हणजे बांधणाऱ्यांनी सोपा, पूर्ण आकडा निवडला, एवढंच त्यातून दिसतं.

‘आत ममी सापडली नाही’ हा मुद्दा खरा आहे. पण दगडी शवपेटी आजही तिथेच आहे. खोलीच्या वर बंद असलेल्या पोकळ्या १८३७ मध्ये सुरुंग लावून उघडल्या, तेव्हा आत मजुरांच्या टोळ्यांनी रंगवलेलं खुफू राजाचं नाव मिळालं. २०१३ मध्ये लाल समुद्राच्या किनाऱ्यावर मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी सापडली. तुरा इथून गिझाला बोटीने चुनखडक नेल्याच्या नोंदी त्यात आहेत.

अंत्यविधीत आवाजाला महत्त्व नव्हतं, असंही नाही. नंतरच्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर पठणासाठीचे मंत्रच कोरलेत. खुफूच्या खोलीत मात्र असा एकही मंत्र नाही.

थोडक्यात, घुमणारा आवाज खरा, पण तो यंत्राचा पुरावा नाही. ‘हरवलेलं तंत्रज्ञान’ म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करताना आपण मेरेर आणि त्याच्या माणसांचं श्रेय काढून घेतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.