मुलाच्या नाकात काही अडकले तर...

दोन ते पाच वर्षांची मुले खेळता खेळता चिंचोका, हरभरा, मणी नाकात घालतात आणि माराच्या भीतीने सांगत नाहीत. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ती सर्दी समजू नये. हरभरा ओलाव्याने फुगून घट्ट बसतो. सर्वांत घातक म्हणजे खेळण्यातील बटणासारखी चपटी बॅटरी. तिने काही तासांतच नाक आतून भाजते व मधल्या पडद्याला भोक पडू शकते. घरी हेअरपिन, चिमटा घालू नये. वस्तू मागे सरकून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेल-पाणीही सोडू नये. मुलाला न रागावता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. पुण्यात ससून रुग्णालयात हा विभाग आहे. बॅटरीची शंका आल्यास मात्र सकाळची वाट पाहू नये.