परक्या शहरातील पत्ता

मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठी परदेशी निघाली की घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो जेवणाचा. आम्हांला त्या काळजीची थट्टा करावयाची नाही; पण बर्लिनसारख्या शहरात पोट भरणे हे त्यातल्या त्यात सोपे काम आहे. तांदूळ, डाळ, हळद सारे मिळते. मिळत नाही ती खोली. आणि खोलीवाचून पुढचे काम अडते, ही गोष्ट येथून निघताना फार थोड्यांच्या ध्यानात असते.

बर्लिनचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. १९२८ साली इरावती कर्वे तेथे गेल्या आणि तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतल्या. त्या काळी असे जाणारे बोटांवर मोजण्याइतके. आज साध्या नोकरदारांची मुलेही कर्ज काढून जातात, तेव्हा तेथील व्यवहार घरच्यांनीही समजून घेतलेला बरा.

जर्मनीत राहावयास आलेल्या माणसाने, मग तो जर्मन असो वा परका, नव्या जागेत गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगर-कचेरीत नोंदवावा असा कायदा आहे. या नोंदणीस ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आता गाठ कशी पडते पाहा. खोली नाही तर हा कागद नाही. कागद नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर कर-क्रमांकाचे पत्र येत नाही आणि वास्तव्याच्या परवान्याचे कामही खोळंबते. व्हिसाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून तेथे पोहोचल्यावर शहर पाहणे मागे ठेवावे आणि नगर-कचेरीची वेळ आधी मागावी. ती आपल्याच भागातील कचेरीत मिळाली पाहिजे असे नाही. शहरातील कोणतीही चालते.

खोली शोधताना दोन शब्द कानी पडतात, ‘थंड भाडे’ आणि ‘गरम भाडे’. थंड भाडे नुसत्या जागेचे. त्यात खोली गरम ठेवण्याचा, पाण्याचा व इतर खर्च मिळवला की ते गरम. विजेचे पैसे बहुधा त्यातही नसतात. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि भाडेकरूस ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण मागेल ती रक्कम मोजून मोकळे होतात. मालक परगावी आहे, पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल, असे कोणी लिहिले तर तो लबाड आहे असे खुशाल समजावे. खोली देतो पण नोंदणी करू नका, असे म्हणणाराही टाळावा.

येथे पैशाचा एक बारकावा सांगितला पाहिजे. विद्यार्थ्यास वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. पण खात्यातून महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. पहिल्याच महिन्यात भाडे, अनामत, गादी, थंडीचा कोट हे सारे एकदम अंगावर येते. तेव्हा त्या खात्याबाहेर काही पैसा जवळ हवा. कर्जाचा आकडा ठरवताना बापलेक नेमके हेच विसरतात.

बहुतेक विद्यार्थी तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या घरात एकेक खोली धरतात. स्वयंपाकघर सामाईक. असे घर मिळवण्यासाठी आधीच्या बिऱ्हाडकरूंकडे कॉफीला जावे लागते. भांडी केव्हा घासता, रात्री किती वाजता झोपता, असे ते विचारतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांहून हा कार्यक्रम फारसा निराळा नाही, नकारही तितक्याच गोडीने येतो! दहा नकार आले तरी ते आपल्या वर्णाला वा भाषेला आले असे लगेच समजू नये. कधी तसेही असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पुष्कळदा एका खोलीस पन्नास उमेदवार असतात एवढेच.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावयाची. रविवारी दुकाने बंद. वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात आणि डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. खोलीत एकटे बसलेल्या मुलाला त्या अंधारात घर आठवते. तो फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. अशा वेळी ‘जेवलास का’ याबरोबर ‘आज कोणाशी बोललास’ असेही विचारावे.

एक लहानशी गोष्ट राहिली. तेथील इमारतींत बिऱ्हाडांना बहुधा क्रमांक नसतात. टपालवाला पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जाते, मग ते कर-कचेरीचे असो की बँकेचे. म्हणून किल्ली हाती पडताच पहिल्या संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर आपले नाव ठळक अक्षरांत लिहावे आणि मालकाला विचारून पेटीवर व दारावरच्या घंटेपाशी चिकटवावे.