अर्जात विनवणी नको, नेमकी मागणी लिहा
दासगाव-महाडकडच्या पालकांनो, दिव्यांग मुलासाठी शाळेत अर्ज देताना ‘कृपया सहकार्य करावे’ एवढ्यावर थांबू नका. अडचण आणि मागणी स्पष्ट मांडा: ‘मुलीला फळ्यावरचे दिसत नाही. तिला पहिल्या बाकावर बसवावे, मोठ्या अक्षरांतली पुस्तके व परीक्षेत जादा वेळ द्यावा.’ खाली आधार लिहा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ व १७. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर कलम ३१ही नमूद करा; त्यानुसार अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाद लागली नाही, तर महाड पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. दर वेळी शिक्का-तारखेसह पोच घ्याच!