बेस वाजतोय, पण ऐकू का येत नाही?

समजा, तुमची मुलगी हायस्कूलमधल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. तुमच्याच गॅरेजमध्ये मेटॅलिकाच्या गाण्याची तालीम चालू आहे. तुम्ही फोनवर व्हिडिओ काढता आणि पुण्याला आजीला पाठवता. आजीचा लगेच प्रश्न येतो: "बोटं तर भराभर चालली आहेत, पण हिचं वाजतंय कुठे?"

नेमका हाच प्रश्न मेटलचे चाहते १९८८ पासून विचारत आले आहेत, तोही मेटॅलिकाच्याच एका अल्बमबद्दल.

वादक तोच, रेकॉर्डिंग दोन

मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी अ‍ॅरिझोनाच्या एका बँडमधून जेसन न्यूस्टेड आला. १९८७ मध्ये या नव्या संचाने इतर बँडची गाणी वाजवून 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' ही छोटी रेकॉर्ड काढली. त्यात वेल्सच्या 'बजी' या बँडचं 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी' आहे. बजी तिघांचा बँड, आणि त्यांचा गायक बर्क शेली स्वतःच बेस वाजवायचा. एकच गिटार असल्यामुळे मूळ गाण्यात बेसला ऐसपैस जागा आहे. मेटॅलिकाच्या कव्हरमध्येही न्यूस्टेडचा बेस चांगला दणदणीत ऐकू येतो.

पुढच्याच वर्षी आला '...अँड जस्टिस फॉर ऑल', सगळा मेटॅलिकाच्या स्वतःच्या गाण्यांचा. त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. बँड तोच, वादक तोच, अंतर जेमतेम वर्षभराचं. दुसऱ्यांच्या गाण्यात ऐकू येणारा माणूस स्वतःच्या बँडच्या गाण्यातून नाहीसा झाला. असं का झालं?

४१ आणि ८२

बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झ, म्हणजे बरोब्बर एक सप्तक वर.

पण कुठलीही तार एकच सूर देत नाही. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो आपला 'स्वयंभू गंधार'. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर प्रत्येक तारेतून निघतात. गंधार हा त्यातला पाचवा.

आता आकडे मांडू. बेसमधून निघतात ४१, ८२, १२४, १६५, २०६, २४७. गिटारमधून ८२, १६५, २४७. दोघे एकच तुकडा एका लयीत वाजवत असतील, तर गिटारचा प्रत्येक उपस्वर बेसच्या एकेका उपस्वरावर जाऊन बसतो. कानाला ती दोन वाद्यं वाटत नाहीत, एकच जाड गिटार वाटते. आपण बहुतेक वेळ गिटारच्या मागोमागच वाजवत होतो, असं न्यूस्टेडने नंतर सांगितलं आहे.

बेसचं स्वतःचं असं उरतं काय? ४१, १२४, २०६. यातले १२४ आणि २०६ गिटारच्या ८२ आणि १६५ च्या इतके जवळ आहेत, की मोठ्या आवाजाच्या गिटारी त्यांना झाकून टाकतात. खालचा सूर वरच्या सुराला जास्त झाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. 'जस्टिस'वर गिटारींचे थरावर थर आहेत, आणि तळहाताची कड तारांवर टेकवून काढलेला त्यांचा धमका नेमका याच पट्ट्यात येतो.

राहता राहिला ४१. तिथे आपला कानच कच्चा. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं, की खर्जाचे सूर आपल्याला फार कमी ऐकू येतात. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा हलका सूर घ्या. ४० हर्ट्झचा सूर तेवढाच मोठा वाटायला तो ८० डेसिबलच्या वर न्यावा लागतो, म्हणजे ऊर्जा दहा हजार पटींहून जास्त! शिवाय फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. एरवी मेंदू उपस्वरांवरून हरवलेला मूळ स्वर ताडतो. इथे ते उपस्वरही गिटारच्या खात्यावर जमा झालेले असतात.

विज्ञान अर्धं, माणूस अर्धा

तरीही सगळा दोष भौतिकशास्त्राला देता येणार नाही. अल्बमचं मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सनने जाहीरपणे सांगितलं आहे, की ड्रमवादक लार्स उलरिकने बेस खाली घ्यायला लावला. २०१८ मध्ये अल्बम नव्याने निघाला तेव्हाही तो वाढवला नाही. न्यूस्टेडने वाजवलं होतं. 'ऐकू आलं नाही' याचा अर्थ 'वाजवलं नाही' असा होत नाही.

सुटायच्या वाटा

ब्लॅक सबाथचं १९७० चं 'एन. आय. बी.' ऐका. गिटार गप्प असताना गीझर बटलर एकटा बेसवर सुरुवात करतो. झाकायला समोर कुणी नाहीच. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'प्रायमस'ने ऑझी ऑझबर्नला घेऊन हेच गाणं केलं. प्रायमसचा बेसवादक लेस क्लेपूल तारा अंगठ्याने आपटून, खेचून वाजवण्यासाठी प्रसिद्ध. त्या बँडमध्ये बेसच पुढे असतो आणि गिटार त्याच्याभोवती फिरते.

'जस्टिस'वरचं 'वन' हे गाणं २००३ मध्ये एमटीव्हीच्या कार्यक्रमात 'कॉर्न'ने वाजवलं. कॉर्नच्या सात तारांच्या गिटारी ५५ हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि बेस २७.५ पर्यंत, म्हणजे पियानोच्या सर्वांत खालच्या पट्टीवर. तिथे सूर ओळखणंच कठीण. म्हणून त्यांचा तेव्हाचा बेसवादक फील्डी वाजवायचा तो तारांचा खणखणीत टकटकाट, गिटारच्या गर्दीच्या बराच वर.

तेव्हा तालमीत "आवाज वाढव" असं मुलीला सांगू नका. त्याने गॅरेजच्या भिंती तेवढ्या हादरतील. गिटारवाल्याला त्याच्या अँपवरचं बेसचं बटण खाली घ्यायला सांगा. मुलीला बोटांऐवजी पिकने वाजवून पाहू दे, आणि अधूनमधून गिटारची पाठ सोडून वेगळे सूर घेऊ दे. मग पुन्हा व्हिडिओ काढा आणि पाठवा. आणि आजीला सांगा, या वेळी हेडफोन लावून ऐक.