साडेसहाशे शब्दांत मी!

बोर्डाच्या परीक्षेत ‘सर, पुरवणी!’ असा आवाज आला की अख्खा वर्ग वळून बघायचा. चार पुरवण्या बांधणारा म्हणजे हुशार. एकही न घेणारा म्हणजे गेला बिचारा! जितकं जास्त लिहाल तितकं भारी, हा आपला शाळेपासूनचा फंडा.

मग कधीतरी परदेशी शिकायला जायचं डोक्यात बसतं. कुणाला एमबीए करायचं असतं, कुणाला एमएस, तर कुणाच्या धाकट्या भावंडाला बारावीनंतर थेट अमेरिका गाठायची असते. मार्क, टेस्ट स्कोअर सगळं जमतं आणि अर्जात एक चौकोन समोर येतो : स्वतःबद्दल लिहा, कमाल इतके शब्द. बॉस, इथे पुरवणी मिळत नाही!

माझा दिवस ऑफिसमध्ये दुसऱ्यांचे रिपोर्ट्स एडिट करण्यात जातो. त्यामुळे गणपती गेले की मित्रमंडळींचे, त्यांच्या भाचरांचे निबंध माझ्याकडे यायला लागतात. सोबत ठरलेलं वाक्य, ‘पाचच मिनिटं लागतील गं, जरा नजर टाक.’ पाच मिनिटांत काहीही होत नाही, हे मी आता सगळ्यांना आधीच सांगून टाकते.

कुणाचं माप किती?

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ‘कॉमन ॲप’ या एकाच अर्जावर प्रवेश देतात. त्यातला मुख्य निबंध किमान 250 आणि कमाल 650 शब्दांचा. 2013 पूर्वी ही मर्यादा 500 होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा : आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त 350 शब्द. ब्रिटनच्या ‘यूकास’मध्ये शब्द नाही, अक्षरं मोजतात. एकूण 4,000, आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यातच! तिथे 2026च्या प्रवेशापासून सलग निबंध गेला आणि तीन प्रश्न आले. प्रत्येकाला किमान 350 अक्षरं हवीत, एकूण मर्यादा तीच.

एमबीएवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. हार्वर्डने 2024मध्ये 900 शब्दांचा एक मोठा निबंध काढून टाकला आणि 300, 250, 250 शब्दांचे तीन छोटे प्रश्न आणले. म्हणजे सहा वर्षांची नोकरी, दोन प्रमोशन्स आणि आयुष्याचं स्वप्न, सगळं एसएमएसच्या हिशेबात!

अकराशे चाळीस ते सहाशे अठ्ठेचाळीस

माझी मामेबहीण सांगलीची. मामाचं किराणा दुकान आहे. स्कॉलरशिप मिळाली तरच अमेरिका, नाहीतर विषय संपला, हे घरात स्पष्ट होतं. तिने पाठवलेला निबंध 1,140 शब्दांचा होता, विषय 2019च्या ऑगस्टमधला पूर. सुरुवातीला एका थोर माणसाचा सुविचार, मग कृष्णेचा उगम, मग धरणांचा विसर्ग, मग हवामानबदल. पहिले चारशे शब्द भूगोलाचा पेपर!

शेवटच्या पानावर मात्र एक परिच्छेद होता. पुरात दुकानातली उधारीची वही भिजली, शाई पसरली, आकडे गेले. मामाने तिच्या हातात नवी वही दिली आणि सांगितलं, ‘घरोघरी जा, विचार किती द्यायचेत. ते सांगतील तो आकडा लिही. वाद घालायचा नाही.’ सहावीतली ती पोरगी चिखलातून दारोदार फिरली. काहींनी कमी सांगितलं, काहींनी तिला आठवत होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं.

मी फोन केला. ‘अगं, हा तुझा निबंध. बाकीचं काढ.’

‘ताई, पूरच काढला तर त्यांना कळणार कसं?’

‘दोन वाक्यांत सांग ना.’

‘आणि आजी? तीन दिवस गच्चीवर होती ती. आजीचं कापायचं नाही हं!’

इथे खरी पंचाईत होती. आजीचा परिच्छेद सुंदर होता, पण तो आजीबद्दल होता. निबंधातून अर्ज करणारी मुलगी दिसायला हवी. शेवटी आजी एका कॉलेजच्या दीडशे शब्दांच्या जादा प्रश्नात गेली आणि तिथे छान शोभली. वहीचा परिच्छेद पानभर वाढला. आकडा आला 648. तिने मामाला सगळं मराठीत सांगितलं. मामा म्हणाला, ‘एवढंच? पण बरोबर आहे.’

तिला स्कॉलरशिप मिळाली. श्रेय एकट्या निबंधाला देणार नाही, मार्क भरघोस होते. पण त्या निबंधात आता तीच होती, दुसऱ्या कुणाचं नाव टाकून तो चालला नसता.

कात्री कुठे लावायची?

आधी सुरुवात तपासा. बहुतेक निबंध दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सुरू होतात, त्याआधीचा नुसता वॉर्मअप असतो. मग सुविचार काढा. रेझ्युमेत आलेलं पुन्हा लिहू नका. ‘मी खूप मेहनती आहे’ हे वाक्य काढून मेहनतीचा प्रसंग ठेवा. हे सगळं झाल्यावरच एकेक शब्द वेचायला बसा.

एआयला ‘650मध्ये बसवून दे’ सांगितलं की काम सेकंदात होतं, पण सर्वांत आधी जातं ते ‘वाद घालायचा नाही’सारखं वाक्य, जे फक्त तुमच्याच घरचं असतं. शिवाय एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक धरलं जातं.

आणि 650 ही मर्यादा आहे, टार्गेट नाही. 610मध्ये सांगून झालं असेल तर थांबा.

चौकट : पाठवण्यापूर्वी

• वर्ड आणि अर्जाचा चौकोन वेगवेगळं मोजू शकतात. चौकोनातला आकडा खरा. दहा-पंधरा शब्द हातचे ठेवा.

• अनेक चौकोनांत ठळक आणि तिरपी अक्षरं, टॅब उडून जातात. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका, मग चिकटवा. दोन परिच्छेदांत एक ओळ मोकळी सोडा.

• ‘वारी’, ‘उधारी’ असे मराठी शब्द तिरप्या अक्षरांच्या भरवशावर ठेवू नका. अर्थ वाक्यातच कळू द्या.

• पीडीएफ मागितली असेल तर अक्षर 11 किंवा 12 पॉइंट, समास एक इंच. नऊ पॉइंटमध्ये कोंबलेला निबंध वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

• प्रीव्ह्यू उघडून शेवटची ओळ बघा. मजकूर तुटला असेल तर तिथेच कळतं.

• कॉलेजचं नाव तपासा. एकाचा निबंध दुसऱ्याला पाठवताना जुनं नाव राहून जाणं, ही सर्वांत कॉमन गडबड!

• शेवटी मोठ्याने वाचा. जिथे दम लागेल, ते वाक्य कापा.